हनुमान थिएटर : बलुत्यातून तिकिटाकडे

गिरणगावाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. चिमण्या, भोंगे, खानावळी, भजनी मंडळे, गणेशोत्सव, संप. या सगळ्यात लालबागच्या हनुमान थिएटराच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते : 'येथे तमाशे होत असत.' हे वाक्य खरे आहे, पण ते काहीच सांगत नाही. तमाशे कोण करीत होते? ते पाहायला कोण येत होते? तिकिटाचा पैसा कोणाच्या घामाचा होता आणि तो शेवटी कोणाच्या हातात पडत होता? हे प्रश्न न विचारता 'लोककलेचे माहेरघर' म्हणून उसासे टाकणे हा पांढरपेशा स्मरणरंजनाचा धंदा आहे. आपल्याला तो परवडणारा नाही.

मी या थिएटरावर जीव लावलेला माणूस आहे. एका गिरणी कामगाराच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो, आणि साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या ढोलकीच्या नादाने मला अनेकदा खेचून नेले. तो नाद अजून कानात आहे. पण आवडत्या गोष्टीची चिकित्सा करायची नाही, असा नियम आपल्या विचारपरंपरेत नाही. म्हणून या थिएटराने आपल्या माणसांना काय दिले आणि काय दिले नाही, ते या लेखात मांडून पाहतो.

मुंबईतील तमाशाची जुनी वस्ती ग्रँट रोडजवळच्या पिला हाऊस भागात होती. पिला हाऊस हे 'प्ले हाऊस'चेच आपल्या तोंडी रुळलेले रूप. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची नावे या भागातील थिएटरांशी जोडलेली आहेत. पुढे कामगारांची दाट वस्ती लालबाग-परळकडे झाली तसा तमाशाही तिकडे सरकला. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात लालबागला हनुमान थिएटर उभे राहिले आणि नव्वदच्या दशकापर्यंत चालले. नेराळे कुटुंबाने ते चालविले. मधुकर नेराळे हे स्वतः शाहीर आणि डाव्या चळवळीत वावरलेले. त्यामुळे मालक आणि कलावंत यांच्यामध्ये इतरत्र दिसणारी भिंत येथे थोडी बुटकी होती, असे म्हणता येईल.

हे थिएटर का चालले, ते गिरणीच्या घड्याळाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिली पाळी सकाळी सातला लागे आणि दुपारी साडेतीनला सुटे. तेथून दुसरी, ती मध्यरात्रीपर्यंत. मग तिसरी, पहाटेपर्यंत. सातारा, सांगली, पुणे, नगर, कोकण या भागांतून आलेला कामगार एकटा राहात असे. बायको-मुले गावी, जेवण खानावळीत, झोपायला एका खोलीत पाळीपाळीने पाठ टेकणारी दहा-पंधरा माणसे. खोलीवर गर्दी आणि मनात गाव, अशा माणसाला ढोलकीची थाप म्हणजे गावच्या जत्रेचा सांगावा वाटे. त्याच्या खिशात पगाराचे रोख पैसे असत. शेतावरच्या माणसाला सुगी झाल्याशिवाय पैसा दिसत नाही. गिरणीतल्या माणसाला तो महिन्याला दिसे. तमाशाला बारमाही प्रेक्षक मिळाला तो या रोख मजुरीमुळे.

फडाच्या बाजूनेही हे गणित होते. खेडोपाडी फिरणाऱ्या फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस संपतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. पण पाऊस पडला, मैदानात चिखल झाला, की कनात उभी राहात नाही. मग दसऱ्यापर्यंत वीस-पंचवीस माणसांनी खायचे काय? फडमालकाकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याच दावणीला बांधून घ्यायचे, ही रीत. शहरातील छपराखालची थिएटरे हा या चक्रातून थोडे डोके वर काढण्याचा मार्ग होता. कितीही पाऊस असला तरी खेळ होई, आणि खेळ झाला की गल्ला होई.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गावात हलगी वाजविणारा माणूस कलावंत नव्हता. तो बलुतेदार होता. मिरवणूक असो, लग्न असो, मयत असो, देवाची पालखी असो, वाजविणे हे त्याच्या जातीवर लादलेले काम होते. पालखीपुढे वाजवीत जायचे आणि देवळाच्या पायरीशी थांबायचे. त्याबद्दल मिळायचे ते शिळे अन्न, सुपातले धान्य किंवा काहीच नाही. वाजविले नाही तर मार. वाजविण्याचे कौतुक होई, वाजविणाऱ्याचे होत नसे. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ मध्ये हा शब्द शहरी वाचकाच्या दिवाणखान्यात नेला. पण बलुत्याचा नाद त्या आधीपासून लालबागच्या तिकीटखिडकीवर मोडत होता. कारण तिथे ऐकणाऱ्याला आधी पैसे मोजावे लागत. गावचा पाटील हुकूम करून ढोलकी ऐकत असे; लालबागला त्याचाच भाऊबंद रांगेत उभा राहून तिकीट काढी. कलेची जागा हुकमावरून बाजारात गेली. बाजार म्हणजे मुक्ती नव्हे, हे मला ठाऊक आहे. बाजारालाही दात असतात. तरी वेठ आणि मजुरी यांत जे अंतर आहे, ते वेठ केलेल्या माणसालाच कळते.

हेच अंतर गिरणीनेही निर्माण केले होते आणि तेही अर्धवटच. माझे वडील रिंग खात्यात होते. विणाई खात्यात पगार अधिक, पण तिथे आमच्या माणसांना प्रवेश नसे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावायचा, हा सवर्ण विणकराचा आक्षेप. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता, तेव्हा कामगार एकजुटीच्या घोषणांखाली किती जात दडलेली आहे ते उघड झाले. जो विणकर धोट्याला विटाळ मानी, तोच रात्री थिएटरात येऊन बसे. शेजारी कोण बसले आहे ते त्याला विचारता येत नसे, कारण दोघांच्या हातात सारखेच तिकीट. आणि समोर मांग, महार, गोपाळ, कोल्हाटी समाजातील कलावंत. त्यांच्या एका शब्दावर तो खदखदून हसे, एका तानेवर टोपी उडवी. खुर्ची जात विचारीत नसे, हे या थिएटराचे पहिले देणे.

पण हे देणे पुरुषांपुरते होते, हे लगेच नोंदवले पाहिजे. माझ्या आईने हनुमान थिएटर आतून कधी पाहिले नाही. तिचा सख्खा भाऊ आत ढोलकी वाजवीत असे, तरीही नाही. बाई रंगमंचावर उभी राहू शकत होती, प्रेक्षकांत बसू शकत नव्हती. जिला समोर बसता येत नाही आणि जिला समोरून उठता येत नाही, या दोन्ही आपल्याच बहिणी होत्या.

दुसरे देणे भाषेचे. तमाशाची रचना आपल्या वाचकांतील विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आरंभी गण, मग गवळण, तीत कृष्णाची वाट अडविणारी फजिती आणि मावशीचे तोंडसुख. मग बतावणी, लावण्या, आणि अखेरीस वग म्हणजे कथा. मागे झील धरणारे सुरत्ये, हातात तुणतुणे आणि कडी, बाजूला ढोलकीवाला आणि हलगीवाला. हलगीचे कातडे हवेने सैल पडले की मागच्या बाजूला जाळ करून ती शेकून घेत. हा सांगाडा सगळ्या फडांचा सारखा. त्यात प्राण भरी तो सोंगाड्या. वगातला राजा छापील बोले. सोंगाड्या त्याच्या प्रत्येक आज्ञेचा वाकडा अर्थ काढी. राजाने 'प्रजा सुखी आहे का' म्हणून विचारले, की हा प्रजेच्या चुलीत काय शिजते ते सांगे. तो नोकर असे, अडाणी असे, पायाशी बसलेला असे. पण शेवटचा शब्द त्याचा असे. गावात ज्याला मान वर करून बोलता येत नव्हते तो रंगमंचावर राजाला निरुत्तर करी आणि सबंध थिएटर त्याच्या बाजूने उभे राही. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' किंवा कवलापूरच्या काळू-बाळूंचे हजरजबाबी जोडसोंग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दलित साहित्यातील बोलीचा, शिवीचा, उपहासाचा उगम शोधताना समीक्षक परदेशी विद्रोही कवितेकडे जातात. त्यांनी आधी बतावणीकडे जावे.

तिसरी बाजू माझ्या घरातलीच आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वडिलांनी गावी जाऊन सांगितले की आमच्या घरातून यापुढे कोणी हलगी वाजवणार नाही. भिंतीवरची हलगी त्यांनी उतरविली. तमाशाविषयी त्यांच्या मनात राग होता. आपल्या बायका नाचवून आपली जात हसविते, हे त्यांना सहन होत नसे. मामा मात्र फडातच राहिला. फड लालबागला आला की तो आमच्या खोलीवर उतरे. दोघे एका ताटात जेवीत आणि तमाशावरून भांडत. वडील म्हणत, हे बलुते आहे. मामा म्हणे, बलुते होते तेव्हा मला शिव्या मिळत, आता बिदागी मिळते. मला दोघांचेही पटे.

वडिलांच्या बाजूला मोठा आधार होता. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देण्याची तयारी पठ्ठे बापूरावांनी दाखविली आणि बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. बापूराव जातीने ब्राह्मण, मूळचे कुलकर्णी. जात सोडून अस्पृश्यांच्या फडात आले, म्हणून त्यांचा गौरव होतो. पण त्या गौरवात पवळेला काय मिळाले, हा प्रश्न उरतोच. अस्पृश्य समाजातील स्त्रीच्या देहावर मिळविलेला पैसा अस्पृश्यांच्या मुक्तीला चालणार नाही, ही बाबासाहेबांची भूमिका. ती आजही तितकीच खरी वाटते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) वाचल्यावर चिरा उतरविण्याच्या प्रथेला 'परंपरा' म्हणण्याची हिंमत कोणाला होणार नाही.

परंतु बाबासाहेबांच्या चळवळीने ढोलकी नाकारली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सत्यशोधकांनी आधीच तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला होता. तिसाच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. साचा तोच, गणात देवाऐवजी महापुरुषांना वंदन आले, गवळणीतील चावटपणा गेला, वगात सावकार, भट आणि मृत जनावर ओढण्याची सक्ती आली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, त्यातही हीच प्रक्रिया झाली. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेले आणि गिरणीत राबलेले अण्णाभाऊ तमाशाच्या घरातले होते. फडाची ताकद आणि फडाची लाज, दोन्ही त्यांना आतून ठाऊक होती. तेव्हा वडील आणि मामा यांचे भांडण दोन माणसांचे नव्हते. एकाच चामड्याच्या दोन बाजू वाजत होत्या. नकार होता तो अपमानाला, नादाला नव्हता.

सरकारला मात्र हा फरक कधी कळला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंधने आणली. फडांची उपासमार झाली, कलावंतांनी दाद मागितली, मग सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि संहिता आधी मंजूर करून घेण्याच्या अटीवर खेळ सुरू झाले. ज्या कलेचा प्राण ऐनवेळच्या बोलण्यात, तिला लिहून आणण्याचा हुकूम! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिकू दिले नाही, त्यांना कागद दाखवा म्हणणे! सोंगाड्याची जीभ बांधण्याचा तो सभ्य मार्ग होता. आणि त्याच काळात तमाशाचा साचा शहरी नाट्यगृहात गेला तेव्हा त्याचे नाव बदलले. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले, ते लोकनाट्य ठरले. त्यात सोंगाड्या रंगविणारे दादा कोंडके गिरणगावातलेच. त्यांच्या गुणाबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार नावाची आहे. दादरच्या पडद्यामागे जे लोकनाट्य, ते लालबागच्या छपराखाली तमाशा. एकाला समीक्षा, दुसऱ्याला पोलीस.

थिएटर बंद का पडले याचे उत्तर 'लोकांची अभिरुची बदलली' असे दिले जाते. अभिरुची आपोआप बदलत नाही. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढे व्हिडिओ आला, स्वस्तात करमणूक घरी आली, हे खरे. पण कणा मोडला तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसेच हळूहळू विरून गेली. कोणी गावी परतला, कोणी भाजीची गाडी लावली. महिन्याचा रोख पगार थांबला आणि तिकीटखिडकी ओस पडली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि लालबाग-परळच्या इंचा-इंचाचा हिशेब होऊ लागला. नव्वदच्या दशकात हनुमान थिएटरातील तमाशा थांबला आणि त्या जागेवर लग्नाचे सभागृह झाले. यासाठी मी कोणा मालकाला दोष देत नाही. ज्या प्रेक्षकावर ते थिएटर उभे होते, तो प्रेक्षकच शहरातून हाकलला गेला होता.

त्याचा परिणाम फडांवर काय झाला, ते मामाच्या आयुष्यावरून सांगतो. शहरातला आधार तुटल्यावर तो पुन्हा पूर्णपणे जत्रांवर आला. म्हणजे पुन्हा गावचा पुढारी, पुन्हा सुपारी, पुन्हा उचल. एका फडमालकाने त्याचा अख्ख्या हंगामाचा हिशेब बुडविला, तेव्हा कोठे दाद मागायची हेच त्याला कळेना. गिरणी कामगाराला निदान हजेरीपट असतो, प्रॉव्हिडंट फंड असतो, युनियन असते. ढोलकीवाल्याचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. राष्ट्रपतींकडून सन्मान झालेल्या विठाबाई नारायणगावकरांची अखेरची वर्षेही हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या वारल्या, आणि नंतर त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाले. जिवंतपणी भाकरी नाही, मेल्यावर मानचिन्ह, ही आपल्या कलावंतांची ठरलेली वाट आहे. तमाशाच्या सम्राज्ञीचे हे, तर मागे झील धरणाऱ्याचे काय सांगावे?

म्हणून हनुमान थिएटर कसे आठवावे, याविषयी माझे मत असे. ती मुक्तीची जागा नव्हती, आणि पापाचीही नव्हती. ते आपल्या माणसांचे कामाचे ठिकाण होते. तिथे बलुत्याची बिदागी झाली, पण बिदागीचे वेतन झाले नाही. तिथे प्रेक्षकांच्या रांगेतून जात उठली, रंगमंचावरून उठली नाही. सवर्ण टाळी वाजवायला आला, ढोलकी वाजवायला आला नाही. हा अर्धा रस्ता होता. अर्ध्या रस्त्यावरची जागाही प्रेमाने आठवता येते, मात्र रस्ता कोठे थांबला ते ठाऊक असले पाहिजे.

आपल्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. विद्यापीठांतून तमाशावर प्रबंध होतात, त्यांत लावणीचे वृत्त असते, शृंगाराचे प्रकार असतात, कवींच्या नावांचे वाद असतात. ढोलकी वाजविणाऱ्याला रात्रीचे किती मिळत होते, उचलीची फेड किती वर्षे चाले, फडातील बाई बाळंत झाली तर किती दिवसांनी पुन्हा उभी राही, हे त्यांत नसते. हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. गावोगाव, वाड्यावस्त्यांवर, मुंबईच्या उरल्यासुरल्या चाळींत ती सापडतात. त्यांच्याकडे जा. गाणे मागण्यापूर्वी हिशेब विचारा, आणि हिशेब लिहून झाला की मग गाणे ऐका. गाणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि त्याची थकलेली मजुरी, तिन्ही एकाच पानावर लिहा.